भोक पडून की खूण लागून? कॉम्प्लिमेंट प्रथिनं तांबड्या पेशी कशा संपवतात

परीक्षानळीत सलाइन घेऊन त्यात मेंढीच्या तांबड्या पेशी सोडल्या की द्रव लाल पण गढूळ दिसतो. नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरं लागत नाहीत, कारण कोट्यवधी पेशी उजेड अडवत आणि विखुरत असतात. आता या पेशींना चिकटणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, त्यात घाला. फारसं काही घडत नाही. मग थोडं ताजं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव, घाला आणि नळी ३७ अंशांवर ठेवा. अर्ध्याएक तासात गढूळपणा पार जातो. रंग लालच राहतो, पण आता तो पारदर्शक असतो आणि मागची अक्षरं वाचता येतात. पेशी फुटल्या, आतलं हिमोग्लोबिन पाण्यात आलं आणि उजेड अडवायला कुणी उरलं नाही.

तेच सीरम आधी ५६ अंशांवर अर्धा तास तापवून घातलं तर मात्र नळी गढूळच राहते. प्रतिपिंड एवढी उष्णता सहज सोसतात, म्हणजे फोडण्याचं काम त्यांचं नव्हे. ते काम सीरममधल्या दुसऱ्याच कशाचं तरी आहे आणि ते उष्णतेने नासतं. बेल्जियमच्या ज्यूल बोर्डे यांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १८९०च्या दशकात आधी जंतूंवर आणि १८९८ साली तांबड्या पेशींवर असे प्रयोग करून हे दाखवलं. त्यासाठी त्यांना १९१९चं नोबेल मिळालं. त्या ‘दुसऱ्या कशाला तरी’ पुढे कॉम्प्लिमेंट म्हणू लागले. मराठी पाठ्यपुस्तकांत पूरक प्रथिनं असा शब्द असतो, पण लॅबमध्ये आणि वॉर्डात सगळे कॉम्प्लिमेंटच म्हणतात, म्हणून इथेही तेच.

हा प्रयोग इतका डोळ्यांत भरणारा आहे की त्यानंतर सव्वाशे वर्षं कॉम्प्लिमेंट म्हटलं की लोकांच्या मनात एकच चित्र येतं: पेशीला भोक पाडणारी यंत्रणा. ते चित्र खरं आहे, पण अर्धंच. माणसाच्या शरीरात कॉम्प्लिमेंटमुळे मरणाऱ्या तांबड्या पेशींपैकी बऱ्याच पेशींना भोक कधी पडतच नाही. त्यांच्यावर फक्त खूण लागते आणि पुढचं काम यकृतात होतं. पेशी कोणत्या वाटेने गेली यावर लघवीचा रंग, रक्तपेढीतल्या तपासणीचा निकाल आणि कोणतं औषध चालणार हे सगळं ठरतं.

सी-३: आंधळं आणि चिकट

कॉम्प्लिमेंट म्हणजे एक पदार्थ नव्हे. रक्तात फिरणारी आणि पेशींवर बसलेली मिळून तीसहून अधिक प्रथिनं यात येतात. रक्तातली बहुतेक यकृतात तयार होतात आणि निष्क्रिय अवस्थेत फिरत राहतात. एक जागं झालं की ते दुसऱ्याला कापतं, कापलेलं तिसऱ्याला कापतं, अशी ती साखळी. तिची सुरुवात तीन वाटांनी होऊ शकते: प्रतिपिंडांमुळे, जंतूंच्या पृष्ठभागावरच्या विशिष्ट शर्करांमुळे, किंवा काहीही निमित्त नसताना आपोआप. तिन्ही वाटा सी-३ नावाच्या प्रथिनापाशी एकत्र येतात. एक लिटर रक्तद्रवात ते साधारण एक ग्रॅम किंवा थोडं अधिक असतं. एवढं मुबलक दुसरं कॉम्प्लिमेंट प्रथिन नाही.

सी-३ कसं काम करतं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. या प्रथिनाच्या पोटात एक ताणलेला रासायनिक बंध दडलेला असतो, थायोएस्टर नावाचा. एका टोकाचा छोटा तुकडा, सी-३ए, कापला गेला की उरलेला मोठा तुकडा, सी-३बी, आकार बदलतो आणि तो बंध उघड्यावर येतो. मग समोर जे असेल त्याला तो चिकटतो. शर्करेवरचा हायड्रॉक्सिल गट असो की प्रथिनावरचा अमिनो गट, दोन्ही त्याला चालतात, आणि चिकटणं म्हणजे पक्का रासायनिक बंध, धुऊन निघत नाही. सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात काही सापडलं नाही तर पाण्याशीच क्रिया होऊन तो वाया जातो. त्यामुळे तो फार लांब जाऊ शकत नाही, जिथे तयार झाला तिथल्याच आसपास बसतो. पण तिथे जंतू आहे की आपलीच तांबडी पेशी, हे ओळखण्याची सोय त्याच्यात नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते यामुळे.

त्यात भर म्हणजे हा बंध कुणी न कापताही हळूहळू उघडत राहतो. रक्तातल्या सी-३चा अगदी थोडा हिस्सा सतत पाण्याशी क्रिया करून जागा होत असतो, आजार असो वा नसो. लुईस पिलमर यांनी १९५४ साली प्रॉपर्डिन नावाचं प्रथिन दाखवून प्रतिपिंडांशिवायही कॉम्प्लिमेंट चालू होतं असं मांडलं तेव्हा बऱ्याच सहकाऱ्यांनी ते उडवून लावलं. पिलमर १९५७ साली वारले आणि त्यांचं म्हणणं खरं ठरायला आणखी दहाएक वर्षं गेली. आज या वाटेला पर्यायी मार्ग म्हणतात. मला विचाराल तर नाव चुकलं आहे, कारण वाढवण्याचं मुख्य काम हीच वाट करते. पृष्ठभागावर एक सी-३बी बसला की बी नावाचा घटक त्याला येऊन मिळतो, डी नावाचा घटक त्या बीला कापतो, आणि तयार झालेली जोडी आणखी सी-३ कापू लागते. प्रॉपर्डिन त्या जोडीला धरून ठेवतं. म्हणजे एका सी-३बीपासून अनेक, त्या प्रत्येकापासून पुन्हा अनेक. सुरुवात प्रतिपिंडांनी झाली असली तरी पुढची वाढ बऱ्याच अंशी याच फेऱ्यातून होते.

हे सगळं पाहिल्यावर कॉम्प्लिमेंट पेशी कशी मारतं यापेक्षा आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी रोज मरत का नाहीत, हाच प्रश्न अधिक गंभीर वाटतो.

पेशीचं स्वतःचं संरक्षण

तांबडी पेशी या बाबतीत बिचारी आहे. तिला केंद्रक नाही, नवीन प्रथिनं बनवता येत नाहीत. इतर पेशी आपल्या पटलाचा, म्हणजे बाहेरच्या आवरणाचा, बिघडलेला भाग आत ओढून घेतात किंवा फुगा करून बाहेर टाकतात. तांबड्या पेशीला हे अगदी थोडंच जमतं. आणि ती राहते कुठे, तर थेट कॉम्प्लिमेंटच्या प्रवाहात, १२० दिवस. अस्थिमज्जेतून निघताना जे संरक्षण घेऊन निघाली त्यावरच तिने सगळे दिवस काढायचे.

ते संरक्षण मात्र चांगलं आहे. पटलावरचं सीडी-५५ हे सी-३ कापणाऱ्या जोड्या मोडून टाकतं, त्यामुळे वाढ मुळातच खुंटते. सीआर-१ नावाचं प्रथिन चिकटलेल्या सी-३बीला पकडून ठेवतं आणि रक्तातला आय हा घटक त्याचे तुकडे करतो, म्हणजे तो पुढची जोडी बनवूच शकत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर सियालिक आम्लाचा दाट थर असतो. तो पाहून रक्तातला एच हा घटक तिथे बसतो आणि सी-३बी निकामी करायला मदत करतो. सशाच्या तांबड्या पेशींवर हे आम्ल कमी, म्हणून त्या माणसाच्या सीरममध्ये प्रतिपिंडांशिवायच फुटतात. पर्यायी मार्ग नीट चालतो का हे बघायला लॅबमध्ये सशाच्याच पेशी वापरतात.

सगळ्यात शेवटी उभं असतं सीडी-५९. बाकी सगळं हुकलं आणि भोक पडायची वेळ आली की ते आडवं येतं. सीडी-५५ आणि सीडी-५९ या दोघांत अधिक महत्त्वाचं कोण, याचं उत्तर निसर्गानेच देऊन ठेवलं आहे. जन्मापासून तांबड्या पेशींवर सीडी-५५ नसलेले लोक आहेत. क्रोमर रक्तगटाची प्रतिजनं, म्हणजे प्रतिपिंड ज्यांना चिकटतात ते भाग, याच रेणूवर असतात, त्यामुळे ते रक्तपेढीत सापडले. त्यांच्या तांबड्या पेशी फुटत नाहीत. जन्मतः सीडी-५९ नसलेल्यांच्या मात्र फुटतात, शिवाय लहान वयातच त्यांच्या नसाही खराब होतात.

भोक पडतं ते असं

पृष्ठभागावर सी-३बी पुरेसा दाटला की कापणाऱ्या जोडीचा मोर्चा सी-५कडे वळतो. सी-५ चे दोन तुकडे होतात. छोटा सी-५ए वाहून जातो आणि पांढऱ्या पेशींना चेतवतो. मोठा सी-५बी तिथेच सी-६ला धरतो, मग सी-७ येतं. सी-७ आलं की या तिघांच्या गटाचा एक भाग मेदाकडे ओढ घेणारा बनतो आणि गट पटलाला चिकटतो. या क्षणी तो जरा भरकटला तर शेजारच्या निष्पाप पेशीवरही बसू शकतो. त्यानंतर सी-८ येतं आणि पटलाच्या आत पहिल्यांदा घुसतं. इथवर पडलेलं छिद्र लहान, गळकं असतं.

खरं काम सी-९चं. एक सी-९ येऊन बसतं, उलगडतं आणि आपला एक भाग पटलातून आरपार घालतं. त्याच्या कडेला दुसरं, मग तिसरं. लाकडी पिंपाच्या फळ्या एकमेकींना लावून उभ्या कराव्यात तशी ती गोलाकार उभी राहतात, साधारण अठरापर्यंत. आतली पोकळी सुमारे १० नॅनोमीटर रुंद. मेदाचं पटल स्वतः जेमतेम ५ नॅनोमीटर जाड, हे लक्षात घेतलं म्हणजे भोकाचा आकार ध्यानात येईल. सीडी-५९ नेमकं इथे अडवतं: ते सी-८ला आणि पहिल्या सी-९ला धरतं आणि पुढच्या फळ्या लागूच देत नाही.

ही भोकं पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली ती १९६४ साली, बोर्सोस, डुरमाश्किन आणि हम्फ्री यांनी घेतलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत. फुटलेल्या पेशींच्या रिकाम्या पटलावर एकसारखी गोल कडी. मॅनफ्रेड मायर यांनी १९७२ साली ही कडी म्हणजे प्रथिनांनी बनलेली पोकळ नळी असल्याचं मांडलं. तोवर कॉम्प्लिमेंट हे एखाद्या विकरासारखं मेद विरघळवतं असंही मानलं जात होतं. त्या नळीचा आकार तपशिलात समजायला २०१६ उजाडलं, क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताशी आल्यावर.

भोक पडलं की हिमोग्लोबिन त्यातून ओघळून जातं, असं वाटणं साहजिक आहे. पण क्रम तसा नाही. आधी पोटॅशियम बाहेर जातं, सोडियम आत येतं, हिमोग्लोबिन मागून. पेशी आपला पंप चालवून क्षारांचं हे गणित सांभाळत असते. एवढ्या मोठ्या छिद्रापुढे पंपाचं काही चालत नाही. आतबाहेर क्षार सारखे होतात, पण पेशीत दर लिटरला ३३० ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन खच्चून भरलेलं असतं आणि ते क्षारांइतक्या चपळाईने बाहेर पडू शकत नाही. ते पाणी आत ओढतं. पेशी फुगू लागते. दोन्ही बाजूंनी दबलेली चकती असल्यामुळे तिच्याकडे पटल थोडं जास्तीचं असतं, म्हणून सुरुवातीला ती पटल न ताणता नुसती गोल होत जाते. पूर्ण गोल झाली की ढिलाई संपते. पटलाचं क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांहून जास्त ताणत नाही. त्यापुढे ते फाटतं आणि हिमोग्लोबिन एकदम बाहेर येतं. पेशीला मारतं ते पाणी. कॉम्प्लिमेंट फक्त त्याला आत येऊ देतं.

मायर यांचाच आणखी एक निष्कर्ष होता: मेंढीची पेशी फुटायला एकच पूर्ण भोक पुरतं. परीक्षानळीत ते बरोबर. माणसाच्या पेशीवर माणसाचंच कॉम्प्लिमेंट असेल तर सीडी-५९ बहुतेक भोकं अर्ध्यातच थांबवतं, म्हणून एक भोक आणि एक मृत्यू असा सरळ हिशोब तिथे लागत नाही.

खूण लागते ती अशी

आता दुसरी वाट. समजा पेशीवर सी-३बी बसला, पण सीडी-५५ आणि सीडी-५९ने साखळी तिथेच तोडली. भोक नाही पडलं. सी-३बीचे तुकडे मात्र पेशीवरच राहिले, कारण बंध पक्का आहे. यकृतातल्या कुप्फर पेशींवर हे तुकडे ओळखणारे ग्राहक असतात. रक्त तिथून संथपणे वाहतं, खूण असलेली पेशी पकडली जाते आणि गिळली जाते. हिमोग्लोबिन रक्तात सांडत नाही. कुप्फर पेशीच्या आतच त्याचं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य होतं. म्हणून अशा रुग्णाला थकवा येतो, डोळे पिवळट दिसतात, पण लघवी सहसा कोकच्या रंगाची होत नाही.

काही पेशी यकृतातून निसटतात. त्यांच्यावरचा सी-३बी आणखी कापला जाऊन शेवटी सी-३डी नावाचा छोटा अवशेष उरतो. कुप्फर पेशींना तो नीटसा पकडता येत नाही, त्यामुळे या पेशी बऱ्यापैकी नेहमीसारख्या जगतात. पण खूण राहते, आणि ती कूम्ब्ज टेस्टमध्ये पकडता येते. १९४५ साली कूम्ब्ज, मूरंट आणि रेस यांनी काढलेली ही तपासणी आजही रक्तपेढीचा आधार आहे. नळीत सी-३डीला चिकटणारं अभिकर्मक घातलं आणि पेशींच्या गुठळ्या झाल्या, तर या पेशींवरून कॉम्प्लिमेंट जाऊन गेलं आहे एवढं निश्चित कळतं.

पेशी कोणत्या वाटेने जाणार, हे बरंचसं प्रतिपिंड कुठला आणि पेशीवर त्याला चिकटायला जागा किती यावर ठरतं. साखळी सुरू करणारा सी-१क्यू हा सहा डोकी असलेला रेणू; एका डोक्याची पकड कच्ची, दोनतीन डोकी एकाच वेळी टेकली तरच तो कामाला लागतो. आयजीएम प्रतिपिंडात पाच भाग एकत्र जोडलेले, म्हणून पेशीवर बसलेला एकच आयजीएम पुरतो. आयजीजी सुटा असतो. निदान दोन आयजीजी अगदी शेजारी बसायला हवेत, आणि योगायोगाने तसे दोन शेजारी यायला एका पेशीवर शेकडो आयजीजी लागतात. ए रक्तगटाच्या पेशीवर ए प्रतिजनाच्या आठ-दहा लाख जागा असतात आणि त्याविरुद्धचे प्रतिपिंड मुख्यतः आयजीएम. चुकीच्या एबीओ गटाचं रक्त चढलं की काही मिनिटांत पेशी रक्तवाहिनीतच फुटू लागतात ते याचमुळे. आरएच-डीच्या जागा मात्र पेशीमागे साधारण १० ते ३० हजार आणि विखुरलेल्या, प्रतिपिंड आयजीजी. तिथे कॉम्प्लिमेंट सहसा जागंच होत नाही. पेशी प्लीहेत आयजीजीच्या खुणेवरून पकडल्या जातात.

थंडीत चिकटणारे प्रतिपिंड

कोल्ड ॲग्लुटिनिन नावाचा आजार म्हणजे खुणेच्या वाटेचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. यात रुग्णाच्या रक्तात असा आयजीएम असतो की तो स्वतःच्याच तांबड्या पेशींना थंडीत चिकटतो. बोटं, कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा इथे रक्त गार होतं, आयजीएम पेशीला धरतो, सी-१क्यूला बोलावतो, सी-३बी चिकटतो. पेशी शरीराच्या उबदार भागात परतली की आयजीएम सुटून जातो आणि पुढच्या पेशीच्या वाटेवर बसतो. पेशीवर राहतो तो फक्त सी-३बी. म्हणजे गुन्हा करून पळून गेलेला आयजीएम सापडत नाही, पण खूण सापडते: कूम्ब्जमध्ये सी-३डी पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह.

बऱ्याचदा या आजाराचा पहिला सुगावा डॉक्टरांना नव्हे, लॅबमधल्या टेक्निशियनला लागतो. काउंटर मशीनवर तांबड्या पेशींची संख्या भलतीच कमी, हिमोग्लोबिन मात्र त्या मानाने ठीक, आणि एमसीएचसी, म्हणजे पेशीतल्या हिमोग्लोबिनची सरासरी दाटी, इतकी जास्त की अशी पेशी असूच शकत नाही. कारण नमुना खोलीच्या तापमानाला पडून होता, पेशींचे पुंजके झाले आणि मशीनने एकेक पुंजका एक पेशी म्हणून मोजला. नमुना ३७ अंशांवर गरम करून पुन्हा चालवला की आकडे जागेवर येतात.

याच कुळातला पण उलट स्वभावाचा एक दुर्मीळ आजार आहे. युलियस डोनाथ आणि कार्ल लांडस्टाइनर यांनी १९०४ साली त्याचा उलगडा केला. यातला प्रतिपिंड आयजीजी असूनही थंडीत चिकटून कॉम्प्लिमेंटला कामाला लावतो आणि पेशी उबेत आली की ती फुटते. रुग्णाचं रक्त आधी बर्फात ठेवून मग गरम केलं तर नळी लाल पारदर्शक होते, नुसतं थंड किंवा नुसतं गरम ठेवलं तर होत नाही. शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंड बनवतं, हे यातून पहिल्यांदा ठोसपणे दिसलं. पूर्वी हा आजार सिफिलिसबरोबर दिसे. आता बहुधा लहान मुलांत विषाणूच्या आजारानंतर दिसतो आणि आपोआप ओसरतो. इथे वाट भोकाची, म्हणून लघवी गडद होते.

पीएनएच: संरक्षणच नाहीसं झालं तर

वरच्या सगळ्या उदाहरणांत हल्ला वाढला होता. पीएनएच (पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया) या आजारात हल्ला नेहमीचाच असतो, पेशीच उघडी पडलेली असते.

१८८२ साली पॉल श्ट्र्यूबिंग या जर्मन डॉक्टरांनी अशा एका रुग्णाचं वर्णन लिहिलं: सकाळची पहिली लघवी काळपट, दुपारपर्यंत फिकट. पेशी दिवसरात्र फुटत असतात; रात्रभर साठलेली लघवी दाट असल्यामुळे सकाळी रंग जास्त दिसतो. १९३७ साली थॉमस हॅम यांना दिसलं की सीरम किंचित आम्लधर्मी केलं की या रुग्णांच्या पेशी फुटतात, निरोग्यांच्या नाही. पुढे कित्येक दशकं निदान याच तपासणीवर चाललं.

मूळ दोष १९९३ साली जपानी शास्त्रज्ञांना सापडला. सीडी-५५ आणि सीडी-५९ ही प्रथिनं पटलात आरपार रुतलेली नसतात, जीपीआय नावाच्या शर्करा आणि मेदाच्या दोरीने पटलाला बांधलेली असतात. ही दोरी वळायच्या पहिल्याच पायरीला पिगा नावाचं जनुक लागतं. अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत ते जनुक बिघडलं की तिच्यापासून निघणाऱ्या कुठल्याच पेशीला दोरी मिळत नाही आणि दोन्ही प्रथिनं एकदम गायब. जीपीआयसाठी इतरही बरीच जनुकं लागतात, मग बिघाड जवळजवळ नेहमी याचाच का? कारण ते एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाच्या पेशीत एक्स एकच, आणि बाईच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एकच चालू. बाकीच्या जनुकांच्या दोन चालू प्रती असतात, दोन्ही बिघडायला हव्यात; इथे एकच फटका पुरतो. म्हणून हा आजार एक्सवरचा असूनही बायका-पुरुषांत सारखाच दिसतो, आणि पुढच्या पिढीत जात नाही.

या रुग्णांच्या पेशी रक्तवाहिन्यांत फुटतात. सांडलेलं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन गोळा करतं, पण त्याचा साठा लवकर संपतो. मग मोकळं हिमोग्लोबिन रक्तातला नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. रक्तवाहिन्या आणि आतड्यांचे स्नायू सैल ठेवणारा हा वायू. तो कमी पडला की पोटात कळा येतात, गिळताना दुखतं, पुरुषांत लिंगाला ताठरता येत नाही. रुग्ण हे त्रास वेगवेगळ्या डॉक्टरांना सांगत फिरतात आणि सगळ्यांचं मूळ एक आहे हे कुणाच्या लक्षात यायला बराच काळ जातो. सगळ्यात घातक म्हणजे रक्ताच्या गुठळ्या, त्याही यकृताच्या शिरांसारख्या आडजागी. औषध नव्हतं तेव्हा पीएनएचमध्ये सगळ्यात जास्त मृत्यू गुठळ्यांनीच होत.

२००७ साली एक्युलिझुमॅब आलं. सी-५ला धरून ठेवणारा हा प्रतिपिंड. सी-५ कापला गेला नाही की भोक पडण्याचा प्रश्नच नाही. फुटलेल्या पेशींतून रक्तात येणारं एलडीएच झपाट्याने उतरलं, लघवी स्वच्छ झाली, गुठळ्या घटल्या. सी-५ अडवला की मेनिन्जायटिसच्या मेनिंगोकॉकस जंतूंना मारणारी भोकंही पडत नाहीत, म्हणून त्याविरुद्धची लस आधी देणं सक्तीचं झालं. सी-५ ते सी-९ यांतलं एखादं प्रथिन जन्मतः नसलेल्यांना हाच जंतू पुन्हा पुन्हा त्रास देतो, हे आधीपासून माहीत होतं.

पण बऱ्याच रुग्णांचं हिमोग्लोबिन पुरेसं वाढेना. एलडीएच जवळपास ठीक, तरी रक्त कमी. रक्तपेढीत या रुग्णांची कूम्ब्ज टेस्ट केली तर सी-३डी पॉझिटिव्ह निघू लागली, जी औषधाआधी निगेटिव्ह असायची. याचा अर्थ लागला तेव्हा चित्र पूर्ण झालं. औषधाआधी ज्या पेशीवर सी-३बी दाटायचा ती लगेच फुटायची, खूण दाखवायला ती उरतच नसे. औषधाने भोक थांबवलं, पेशी जगल्या, पण सीडी-५५ नसल्यामुळे सी-३बी त्यांच्यावर साचत राहिला. आता त्या कुप्फर पेशींच्या तावडीत सापडू लागल्या. आगीतून फुफाट्यात म्हणावं असा प्रकार, फक्त फुफाटा आगीपेक्षा बराच सौम्य.

म्हणून पुढची औषधं साखळीत वर सरकली. २०२१ साली मंजूर झालेलं पेगसेटाकोप्लान थेट सी-३ला अडवतं. २०२३च्या डिसेंबरात आलेलं इप्टाकोपान बी घटकाला अडवतं आणि ते तोंडाने घ्यायची कॅप्सूल आहे. या औषधांनी भोक आणि खूण दोन्ही कमी होतात आणि बऱ्याच जणांना रक्त चढवावं लागत नाही. कोल्ड ॲग्लुटिनिनमध्ये साखळी आयजीएमपासून सुरू होते, तिथे सी-१क्यूचा जोडीदार सी-१एस अडवणारं सुटिमलिमॅब २०२२ साली आलं.

वर अडवण्याला एक किंमत आहे आणि ती या रुग्णांना तपशिलात सांगायला हवी असं मला वाटतं. उपचाराआधी सदोष पेशी सतत मरत असल्यामुळे रक्तात त्यांचं प्रमाण मर्यादित असतं. औषधाने त्या जगू लागल्या की प्रमाण वाढत जातं, काहींमध्ये जवळजवळ सगळ्याच तांबड्या पेशी सीडी-५९ नसलेल्या असतात. त्या सगळ्या औषधाच्या भरवशावर. डोस चुकला, किंवा तापाच्या आजारात, ऑपरेशननंतर, गरोदरपणात कॉम्प्लिमेंट औषधाला न जुमानण्याइतकं चेतलं, तर फुटायला तयार पेशी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि हिमोग्लोबिन थोड्याच वेळात धाडकन खाली येऊ शकतं. म्हणूनच कॅप्सूल मनाने बंद करायची नसते. ताप आला किंवा लघवी पुन्हा गडद दिसली तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवून रक्त तपासायचं असतं.